पोर्ट दोन, डिस्क सहा : साठवणुकीच्या वाटेचा इतिहास

हा खंडाळा म्हणजे लोणावळ्याशेजारचा नव्हे, खंबाटकीच्या पायथ्याचा. घाटात गाड्या अडकल्या की काय होतं, हे इथं कुणाला समजावून सांगायला नको. कॉम्प्युटरच्या डिस्कची गोष्टही तीच आहे. माल भरपूर, वाट एक.

आम्ही काही जण तालुक्यातल्या घराघरांतली जुनी कागदपत्रं स्कॅन करतो. मोडीतली खतं, हिशेबाच्या वह्या, फोटो. ए-फोर आकाराचं एक पान ३०० डीपीआयला, रंगीत, न दाबता ठेवलं तर सुमारे २६ एमबी होतं. म्हणजे साधारण अडतीस हजार पानांत एक टीबीची डिस्क संपते. आमच्या कॉम्प्युटरला डिस्क जोडायच्या जागा दोनच. बाकीच्या लावायच्या कुठं?

हा प्रश्न डिस्कइतकाच जुना आहे. १९५६ साली आयबीएमनं रॅमॅक हे यंत्र आणलं. त्यात दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि सगळं मिळून जेमतेम ५० लाख अक्षरं मावत. पण प्रत्येक तबकडीला वेगळा हात नव्हता. एकच हात वर-खाली सरकून हवी ती तबकडी गाठायचा. जागा वाढवा, वाट वाटून घ्या, ही युक्ती पहिल्या दिवसापासूनची, बरं का.

पुढं १९८६ साली स्कझी हे प्रमाण ठरलं. एका तारेवर आठ पत्ते, त्यातला एक कंट्रोलरचा, उरले सात. घरगुती कॉम्प्युटरमध्ये मात्र आयडीई आली. ती चपटी, रुंद रिबन केबल आठवते ना? एका केबलवर दोन डिस्क, एक मास्टर, एक स्लेव्ह, आणि कोण कोण ते सांगायला मागं एवढासा जंपर. बहुतेक मदरबोर्डवर अशा दोन केबलींची सोय, म्हणून एकूण चार जागा, त्यात सीडी ड्राइव्हही बसवायचा. एका केबलवरच्या दोन डिस्क एकाच वेळी बोलू शकत नसत. एकीचं होईस्तोवर दुसरीनं थांबायचं.

२००३ साली साटा आली आणि नियम बदलला. एक केबल, एक डिस्क. भांडण मिटलं, पण मदरबोर्डवर जितके पोर्ट तितक्याच डिस्क. मग जादा डिस्कसाठी तीन वाटा उरतात.

पहिली, पोर्ट मल्टिप्लायर. एका साटा पोर्टला फाटे फोडायचे, प्रमाणानुसार १५ पर्यंत. पण कंट्रोलरला ते समजलं पाहिजे. अनेक साध्या मदरबोर्डना समजत नाही, मग फाट्यावरची पहिलीच डिस्क दिसते.

दुसरी, पीसीआय एक्सप्रेसच्या खाचेत साटा कार्ड बसवायचं. हा खरा नवा रस्ता. तिसऱ्या पिढीच्या एका लेनमधून सेकंदाला जवळजवळ १ जीबी जातो आणि फिरत्या तबकडीची डिस्क साधारण २०० एमबी देते. म्हणजे चार डिस्क आरामात. पण डेटाच्या केबलीबरोबर वीजही लागते. पॉवर सप्लायकडं तेवढ्या तारा आणि तेवढा दम आहे का, ते आधी बघायचं.

तिसरी, यूएसबी. १९९६ सालच्या या प्रमाणात एका कंट्रोलरवर १२७ उपकरणांची मुभा आहे. ऐकायला छान! पण यूएसबी २ च्या पोर्टनं ५०० मिलिअँपिअर वीज द्यावी, यूएसबी ३ च्या पोर्टनं ९००, एवढंच ठरलेलं. साडेतीन इंची डिस्कला तर १२ व्होल्ट लागतात, ते या पोर्टवर नसतातच. तिला स्वतःचा अॅडॉप्टर हवा.

आमची चूक इथंच झाली. चार छोट्या डिस्क आम्ही एका साध्या हबला लावल्या. हबला स्वतःची वीज नाही. एका रात्री एका घराचं सगळं दप्तर कट करून नव्या डिस्कवर पेस्ट करत होतो. मध्येच टिकटिक आवाज आला आणि चारही डिस्क एकदम दिसेनाशा झाल्या. नव्या डिस्कची मांडणीच बिघडली. जुनीवरून पानं उडालेली, नवीवर पोचलेली नाहीत. त्या घरी पुन्हा गेलो, तर जुना वाडा पाडून झाला होता आणि कागद रद्दीत गेले होते. त्या आजींना काय सांगायचं, हे आम्हाला आजही कळलेलं नाही.

१९८८ साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी रेडची कल्पना मांडली, तेव्हा त्यांनी हेच आधी मांडलं होतं. स्वस्त डिस्क जितक्या जास्त जोडाल, तितकी त्यातली एखादी जाण्याची शक्यता वाढते. म्हणून काही जागा राखीव ठेवायची आणि तिथं माहिती दुबार राहील असं बघायचं. पण रेडमधल्या सगळ्या डिस्कही एकाच पेटीत, एकाच विजेवर. डिस्क वाढली म्हणजे जागा वाढली. प्रत वाढलीच, असं नाही.

हे कॉम्प्युटरच्या आधीही माहीत होतं. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव फिरले, कागद नकलून घेतले आणि १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड छापला. अस्सल कागद एकाच घरात असतो. छापील खंड अनेक घरांत पोचतो आणि मग एका घराला आग लागली तरी मजकूर उरतो.

आता आम्ही कट करत नाही, कॉपी करतो. दोन्हीकडच्या फाईली ताडून बघतो, मगच जुनी पुसतो. हब घेतला तो स्वतःच्या अॅडॉप्टरचा. आणि एक डिस्क कुठल्याच पोर्टला लावलेली नसते. ती घाटापलीकडं, दुसऱ्याच्या कपाटात असते. महिन्यातून एकदा ती इकडं येते, भरते आणि परत जाते.

तुमच्या घरी पेटी असेल तर उघडा. आम्ही येतो. या वेळी दोन डिस्क घेऊन येऊ.