कॉमिक-कॉनचा रसदवाला

फौजेत असताना मला एक खोड लागली, ती निवृत्तीनंतरही गेलेली नाही. कुठल्याही मोहिमेची गोष्ट ऐकली की मी आधी विचारतो, गाडी कुणाची होती आणि पैसे कुणी घातले? सेनापती कोण, हे नंतर.

आज तोच प्रश्न कॉमिक-कॉनला विचारायचा आहे. आपल्याकडे दिल्ली हाटमध्ये २०११ साली पहिलं कॉमिक कॉन भरलं. तुमची मुलं-नातवंडं रंगीबेरंगी पोशाख घालून जातात, तेच हे. त्याचा कारभार वेगळा, पण प्रथा अमेरिकेतल्या सॅन दिएगोची. तिथे आता दरवर्षी सव्वा लाखाच्या वर माणसं जमतात.

सुरुवातीचं श्रेय शेल डॉर्फ यांना दिलं जातं आणि ते योग्यच आहे. डॉर्फ डेट्रॉइटचे. तिथल्या चाहत्यांच्या मेळाव्यात काम केलेले. सॅन दिएगोला राहायला आले तेव्हा पस्तिशी ओलांडलेली, आणि भोवती जमली ती कॉमिक्सवेडी शाळकरी पोरं. डॉर्फ त्यांना जॅक किर्बींच्या घरी घेऊन गेले. किर्बी म्हणजे कॅप्टन अमेरिकाच्या दोन जन्मदात्यांपैकी एक, आणि दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढलेला पायदळाचा शिपाई. हे दुसरं मी मुद्दाम सांगतो, आमची बिरादरी आहे.

डॉर्फ यांच्याकडे अनुभव होता, ओळखी होत्या, भरपूर उत्साह होता. पण हॉटेलचं भाडं उत्साहाने भागत नाही.

इथे येतो रिचर्ड आल्फ. जन्म १९५२चा, म्हणजे तेव्हा वय सतरा. जुनी कॉमिक्स टपालाने विकायचा त्याचा धंदा होता. आपल्याकडे ज्या वयात पोरं बापाकडे सिनेमाच्या तिकिटाचे पैसे मागतात, त्या वयात याच्या गाठीला स्वतःची कमाई होती आणि दाराशी गाडी होती. त्याने संमेलनासाठी काही हजार डॉलर उसने दिले. १९७०चे डॉलर, हे ध्यानात ठेवा. सोबत्यांना इकडून तिकडे नेण्याचं कामही त्याच्याच गाडीने केलं.

मोठ्या कार्यक्रमाआधी त्यांनी रंगीत तालीम केली, हे मला फार आवडतं. २१ मार्च १९७०, यू. एस. ग्रँट हॉटेलचं तळघर, एक दिवसाचं छोटं संमेलन. माणसं शंभरावर. हेतू दोन, आपल्याला जमतं का ते बघणं आणि पुढच्यासाठी पैसे उभे करणं. मग १ ते ३ ऑगस्टला, त्याच हॉटेलात, तीन दिवसांचं पहिलं खरं संमेलन. किर्बी आले, रे ब्रॅडबरी आले. सुमारे तीनशे लोक. वडीलधारं माणूस म्हणून केन क्रूगर होते. त्यांचं पुस्तकांचं दुकान होतं, आणि न्यूयॉर्कला १९३९ साली भरलेलं विज्ञानकथांचं पहिलं जागतिक संमेलन त्यांनी पाहिलेलं होतं.

आता हिशेब बघा. किर्बी आणि ब्रॅडबरी पोस्टरवर, डॉर्फ इतिहासात. आल्फचं नाव मात्र जुन्या सोबत्यांनी आवर्जून घेतलं तेव्हाच लोकांच्या कानावर पडलं. संमेलन त्यानेच केलं असं मी म्हणत नाही. तसं म्हणणं डॉर्फ यांच्यावर अन्याय होईल. पण कल्पना सुचलेल्या गावात तिला उधार देणारं कुणी नसेल तर ती गप्पांतच विरते. अशी कितीतरी संमेलनं चहाच्या टपरीवर भरून तिथेच संपलेली मी पाहिली आहेत.

आल्फने पुढे सॅन दिएगोत कॉमिक्सचं दुकान काढलं. डॉर्फ आणि क्रूगर दोघेही नोव्हेंबर २००९ मध्ये, एकाच महिन्यात गेले. ४ जानेवारी २०१२ला आल्फ गेला, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी. त्या जुलैत संमेलन नेहमीसारखंच भरलं आणि तिकिटं आधीच संपलेली होती.