समूहानुवर्तन
समूहाच्या प्रत्यक्ष वा कल्पित दडपणाखाली व्यक्तीने आपले मत किंवा वर्तन बहुमताशी जुळते करणे, याला सामाजिक मानसशास्त्रात समूहानुवर्तन म्हणतात. सॉलोमन ॲश यांच्या प्रयोगांत (१९५१ ते १९५६) एका रेषेएवढ्या लांबीची रेषा तीन रेषांतून ओळखायची होती; एकट्याने उत्तर देताना जवळपास कोणीच चुकत नसे, परंतु आधीच फितवलेल्या सहकाऱ्यांनी एकमुखाने चुकीचे उत्तर दिले की प्रयुक्तांची सुमारे एकतृतीयांश उत्तरे त्यांच्यामागे जात. मॉर्टन डॉइच आणि हॅरल्ड जेरार्ड यांनी १९५५ मध्ये याची दोन कारणे वेगळी केली : इतरांना अधिक माहिती असेल या विश्वासातून येणारा माहितीमूलक प्रभाव, आणि वेगळे पडण्याच्या, नापसंतीच्या भीतीतून येणारा मानदंडमूलक प्रभाव. अंधाऱ्या खोलीतील स्थिर प्रकाशबिंदू किती हलला असे विचारणाऱ्या मुझफ्फर शेरीफ यांच्या प्रयोगात (१९३५) परिस्थितीच संदिग्ध असल्याने पहिला प्रभाव प्रबळ होता, तर ॲश यांच्या प्रयोगात सत्य डोळ्यांसमोर असूनही अनेकजण नमले, ते मुख्यतः दुसऱ्यामुळे. मात्र यावरून माणूस स्वभावतःच गतानुगतिक असतो असे मानणे चुकीचे ठरेल, कारण सुमारे एकचतुर्थांश प्रयुक्त एकदाही नमले नाहीत, आणि खरे उत्तर देणारा एकच साथीदार लाभला तरी अनुवर्तन झपाट्याने घटले. एकमत मोडणाऱ्या एकट्या आवाजाचे सामाजिक मोल यातूनच सिद्ध होते.