भिंतीवरची वंशावळ

तंजावूरच्या बृहदीश्वर मंदिराबद्दल दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. एक, विमानाची सावली जमिनीवर पडत नाही. दोन, शिखरावरचा दगड ऐंशी टनांचा आणि अखंड आहे. पहिली मी तपासली. सकाळी साडेसातला सावली पश्चिमेकडे अंगणभर लांब पसरली होती आणि तिच्या गारव्याला दोन-तीन कुटुंबं निवांत बसली होती. दुसरी तपासायची सोय नव्हती. पण साठ मीटरांहून उंच, हजार वर्षं जुनं दगडी शिखर डोळ्यांसमोर असताना लोकांना त्यावर आणखी चमत्कार का चढवावासा वाटतो, हे मला कळत नाही.

मी बेंगळुरूहून रात्रीच्या गाडीनं आलो होतो, सोबत ऑफिसातला एक तमिळ मित्र. त्याला राजराजाचं मंदिर बघायचं होतं, मला मराठी शिलालेख. खरं सांगायचं तर मी थोडी छाती फुगवूनच आलो होतो. दक्षिणेच्या टोकाला, चोळांच्या भिंतीवर आपली भाषा!

लेख आवाराच्या नैऋत्य बाजूच्या भिंतीवर आहे. ओळींमागून ओळी, देवनागरीत. भोसले घराण्याचा हा इतिहास तंजावूरचे राजे दुसरे सरफोजी यांनी कोरून घेतला. मित्रानं विचारलं, "वाचता येतं तुला?" मी मोठ्यानं वाचायला लागलो आणि तिसऱ्या ओळीतच अडखळलो. अक्षरं ओळखीची, पण शब्द कुठे तोडायचे ते कळेना. तरी अधूनमधून शहाजी, शिवाजी, एकोजी अशी नावं हाताला लागत होती, आणि प्रत्येक नावाला मित्र मान डोलावत होता.

तंजावूरला मराठी राज्य आलं ते शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी, म्हणजे एकोजी, यांच्यामुळे. १६७५च्या सुमारास त्यांनी हे शहर घेतलं. पुढची पावणेदोनशे वर्षं कावेरीच्या खोऱ्यात भोसले नांदले. इथपर्यंत मला ठाऊक होतं. मी विचार केला नव्हता तो लेखाच्या तारखेचा. शके १७२५, म्हणजे १८०३चा डिसेंबर.

त्या वर्षी सप्टेंबरात असईची लढाई झाली, नोव्हेंबर संपताना अडगावची. डिसेंबरच्या १७ तारखेला नागपूरकर भोसल्यांनी देवगावचा तह केला, ३० तारखेला शिंद्यांनी सुर्जी-अंजनगावचा. म्हणजे तिकडे मराठी सत्तेचं कंबरडं मोडत असताना इकडे पाथरवट छिन्नी चालवत होता. आणि सरफोजींच्या हातात तरी काय उरलं होतं? १७९९च्या तहानं राज्याचा कारभार कंपनीकडे गेला होता. राजाकडे किल्ला, तनखा आणि महसुलाचा पाचवा हिस्सा. सत्ता गेलेला राजा पूर्वजांचे पराक्रम दगडावर लिहून ठेवतो, याला सरळ स्मरणरंजन म्हणून मोकळं होता येतं. मीही तसंच म्हणणार होतो.

पण सरफोजी दत्तक होते. १७८७ साली तुळजाजी राजांनी मरणाआधी त्यांना मांडीवर घेतलं, तेव्हा ते दहा वर्षांचे होते. त्यावर पंडितांचं मत मागवण्यात आलं आणि दत्तविधान अशास्त्रीय ठरलं. एक कारण असं की मुलगा जन्मदात्याचा एकुलता एक होता. गादी तुळजाजींचे सावत्रभाऊ अमरसिंह यांना मिळाली. मुलाची बाजू श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्यानं लावून धरली. त्याच्या जिवाला धोका वाटला तेव्हा त्याला मद्रासला नेलं. पुढे पुन्हा शास्त्र बघितलं गेलं, आणि तेच दत्तविधान वैध निघालं. १७९८ साली सरफोजी गादीवर बसले, आणि वर्षभरातच कारभार सोडून द्यायच्या तहावर त्यांची सही झाली. शास्त्र दोनदा कुणी बघायला लावलं हे वेगळं सांगायला नको.

हे लक्षात घेऊन भिंतीकडे पाहिलं की लेखाचा सूर बदलतो. 'मी या घराण्यात कसा बसतो' हे ज्याला अकरा वर्षं सिद्ध करावं लागलं, त्याची ही वंशावळ आहे. माझ्या मते ते प्रतिज्ञापत्र आहे, फक्त स्टँपपेपरऐवजी दगडावर.

हा शब्द मला सुचला त्याला कारण आहे. गेल्या वर्षी आमच्या घरी दाखल्यासाठी वंशावळ काढायचं काम चाललं होतं. आजोबांच्या पत्र्याच्या पेटीतून मोडी कागद निघाले, ते घरात कुणालाच वाचता येईनात. बाबा वाचणाऱ्याला शोधत दोन तालुके फिरले. पणजोबांच्या नावातल्या एका अक्षरावरून अर्ज परत आला. रोज हजारो ओळींचा कोड वाचणारा मी त्या कागदांपुढे अंगठेबहाद्दर होतो. तोवर मला वंशावळ म्हणजे मिरवायची गोष्ट वाटायची.

मंदिराच्या जोत्यावर राजराजाचे तमिळ लेख आहेत. मित्रालाही ते धड वाचता येईनात, तेव्हा आम्ही फिटंफाट झालो. मंदिर १०१० साली पूर्ण झालं. त्या लेखांतही जिंकलेल्या मुलखांची बढाई आहेच, पण ती आटोपली की हिशोब सुरू होतो. राजानं काय दिलं, थोरली बहीण कुंदवैनं काय दिलं, कुठल्या गावानं किती भात द्यायचं. त्यात लंकेतली जिंकलेली गावंही आली. दुसऱ्या देवळांतून आणलेल्या चारशे नर्तकींची यादी आहे, प्रत्येकीचं नाव आणि तिचं घर कुठल्या रस्त्याला, कितवं, हे सगळं. या बायकांना यायचं होतं की नव्हतं, ते मात्र कुठे नोंदलेलं नाही.

राजवाड्यातल्या सरस्वती महाल ग्रंथालयात दुपार गेली. ग्रंथालय नायक राजांच्या काळापासूनचं, पण त्याला आजचं रूप दिलं सरफोजींनी. काशीयात्रेहून त्यांनी पोथ्या आणल्या, युरोपातून पुस्तकं मागवली. डोळ्यांच्या रोग्यांची टिपणं चित्रांसकट ठेवली. १८०६ साली त्यांच्या छापखान्यातून इसापच्या गोष्टी मराठीत निघाल्या, तेव्हा पुण्यात पेशवाई होती आणि तिथे छापखान्याचा पत्ता नव्हता. मोडी कागद तिथेही काचेमागे होते. मी एखादं अक्षर लागतं का बघत राहिलो. मित्रानं यावेळी काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दारासुरम आणि गंगैकोंडचोळपुरम. दोन्ही सुंदर, त्यांच्यावर खूप लिहिलं गेलंय. मी फक्त एवढं म्हणेन की दारासुरमला दुपारी जाऊ नका, पाय भाजतात.

तिसऱ्या दिवशी मित्राला कंटाळा आला असूनही मी त्याला समुद्रकाठी मनोऱ्याला नेलं. तंजावूरपासून साठेक किलोमीटरवर, मल्लिपट्टिणमजवळ आठ मजल्यांचा षटकोनी बुरूज आहे. गावकरी तमिळमध्येही त्याला 'मनोरा'च म्हणतात. नेपोलियनचा पाडाव झाला म्हणून इंग्रजांच्या विजयाची आठवण म्हणून सरफोजींनी तो १८१४ साली बांधला. शिलालेखात ते स्वतःला इंग्रज सरकारचे स्नेही आणि दोस्त म्हणवतात. मजकूर अनेक भाषांत आहे, त्यात मराठीही आहे.

आधी मला राग आला. मग वाटलं, मंदिरातल्या भिंतीवर घराण्याला पटवायचं होतं, इथे कंपनीला. वारसाचा प्रश्न पुन्हा कधीही निघू शकत होता, आणि निघालाही. १८५५ साली सरफोजींचा मुलगा शिवाजी पुत्राविना वारला, आणि कंपनीनं राजपद संपवून टाकलं. त्यावेळी भिंत कुणी वाचली नाही.

समुद्राचा वारा सुटला होता. मित्र म्हणाला, "वाच की, हे तरी सोपं असेल." मी वाचायला लागलो. पहिल्या ओळीत अडखळलो, पण यावेळी थांबलो नाही, बोट ठेवून एकेक अक्षर लावत गेलो. बाबांना फोटो पाठवला. त्यांचा उलट निरोप आला: दाखल्याचं काम झालं का, ते तहसीलात विचारायला सोमवारी पुन्हा जायचंय.