सातवी आणि आठवी जागा

दोन फायलींत नेमका फरक कुठे आहे, हे शोधण्यात माझा नोकरीतला अर्धा दिवस जातो. त्यामुळेच असेल, १९८३ सालच्या एका संशोधनात मी जरा जास्तच अडकलो.

गोष्ट आहे जीएनआरएच या संप्रेरकाची. मेंदू ते सोडतो, पिट्युटरी ग्रंथीला निरोप पोचतो आणि पुढे अंडी-शुक्राणू पिकतात. १९७१ मध्ये सस्तन प्राण्यांतली त्याची रचना उलगडली: दहा अमिनो आम्लांची माळ. तेवढ्यासाठी शॅलींनी डुकरांच्या आणि गिय्यमँनी मेंढ्यांच्या मेंदूंचे तुकडे लाखांच्या हिशेबात गोळा केले होते. दोघांची चढाओढ कडवी होती; १९७७ चं नोबेल मात्र वाटून घ्यावं लागलं.

हे संप्रेरक माशाला टोचलं तरी थोडंफार काम व्हायचं. मग माशातली माळही तीच असेल, असं वाटणं सोपं होतं. नॅन्सी शेरवूड आणि सहकाऱ्यांनी ते गृहीत धरलं नाही. त्यांनी चम सॅल्मनच्या मेंदूंचा अर्क घेतला आणि क्रोमॅटोग्राफीने संप्रेरक वेगळं केलं. आता एका टोकापासून एकेक आम्ल तोडत ओळखायचं. पण या माळेचं पहिलं आम्ल स्वतःभोवतीच वळलेलं असतं, तोडणाऱ्या रसायनाला पकडच मिळत नाही. ते आधी एन्झाइमने उचकटावं लागतं.

निकाल आला. आठ जागा तंतोतंत तशाच. सातव्या जागी ल्युसिनऐवजी ट्रिप्टोफॅन, आठव्या जागी आर्जिनिनऐवजी ल्युसिन. बस्स, एवढाच डिफ!

त्याची किंमत आपल्याकडच्या तळ्यांत कळते. रोहू-कटलाची मादी तळ्यात अंड्यांनी भरते, पण नदीच्या पुराविना ती अंडी सोडत नाही. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुलला हिरालाल चौधरी आणि अलिकुन्ही यांनी पिट्युटरीचा अर्क टोचून तिला अंडी सोडायला लावली. मात्र हा अर्क मेलेल्या माशांच्या डोक्यांतून काढायचा, आणि प्रत्येक ग्रंथीची ताकद वेगळी.

माळ कळल्यावर ती प्रयोगशाळेत बनवता आली. तरी नुसत्या निरोपाने भागेना, कारण बऱ्याच माशांत डोपामाइन ब्रेक लावून बसतं. हे कॅनडात रिचर्ड पीटर यांच्या गटाने दाखवलं. म्हणून मत्स्यबीज केंद्रांत वापरल्या जाणाऱ्या ओव्हाप्रिमच्या बाटलीत दोन गोष्टी असतात: सॅल्मनच्या माळेची सुधारित नक्कल आणि डॉम्पेरिडोन. हो, उलटीवर आपण घेतो तेच.

१९९४ मध्ये सी-ब्रीम माशाच्या मेंदूत या संप्रेरकाच्या एक नाही, तीन तऱ्हा सापडल्या. त्यातली नवी तऱ्हा सस्तन प्राण्यांच्या माळेशी ताडून पाहिली, तर फरक एकाच जागी. पुन्हा आठव्या.