कोष्टक छापणारे यंत्र

लॉग टेबल वापरताना आपण आडव्या ओळीवर बोट ठेवून हव्या त्या स्तंभापर्यंत जातो. तेथे छापलेला आकडा बरोबरच आहे, असे आपण गृहीत धरतो. एकोणिसाव्या शतकात मात्र असे गृहीत धरणे धोक्याचे होते. समुद्रातील जहाजाचे स्थान, ग्रहांची गती, विम्याचे हप्ते हे सारे छापील कोष्टकांवरून काढले जाई आणि या कोष्टकांत चुका असत.

१८२१ मध्ये चार्ल्स बॅबेज व जॉन हर्शेल लंडनमध्ये खगोलशास्त्राची अशीच कोष्टके ताडून पाहत होते. चुकांना कंटाळून, हे हिशोब वाफेच्या यंत्राने व्हायला हवेत, असे बॅबेज बोलून गेला. त्यातून 'डिफरन्स इंजिन'ची कल्पना पुढे आली.

तिचे तत्त्व सोपे आहे. १, ४, ९, १६, २५ या वर्गसंख्यांमधील फरक ३, ५, ७, ९ असे आहेत. या फरकांमधील फरक मात्र दरवेळी २ येतो. म्हणून ९ मध्ये २ मिळवले की ११, आणि २५ मध्ये ११ मिळवले की ३६. गुणाकार न करता, केवळ बेरजेने पुढचा वर्ग मिळाला! बेरीज दातेरी चाकांनी करता येते.

पण हिशोब बरोबर आला, तरी नक्कल करणाऱ्याच्या किंवा खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरच्या हातून चूक होणारच. म्हणून यंत्रानेच छपाईचा साचाही तयार करावा, असे बॅबेजने ठरवले. १८२३ पासून मिळणारी सरकारी मदत १८४२ मध्ये थांबली आणि पहिले यंत्र अपुरेच राहिले. १८४७ ते १८४९ या काळात त्याने दुसरा आराखडा केला. त्यानुसार लंडनच्या सायन्स म्युझियमने १९९१ मध्ये हिशोबाचा भाग आणि २००२ मध्ये छपाईचा भाग पूर्ण केला. यंत्राच्या सुमारे ८००० सुट्या भागांपैकी जवळजवळ निम्मे छपाईसाठी आहेत! स्तंभ किती, त्यांत अंतर किती, किती ओळींनंतर कोरी ओळ सोडायची, हे सारे त्यात आधी ठरवता येते.

संगणक आल्यावर हेच काम आज्ञावलीकडे गेले. १९५७ च्या फोर्ट्रान भाषेत 'एफ १०.३' असे लिहिले, की संख्येला १० घरे मिळत आणि दशांशचिन्हापुढे ३ अंक छापले जात. पुढे या भाषेच्या प्रमाणित रूपात असा नियम झाला, की संख्या घरांत मावली नाही, तर ती कापून न छापता तेथे तारकाचिन्हे छापावीत. चुकीच्या आकड्यापेक्षा तारका बऱ्या!

आज कोष्टके छापणाऱ्या लहानशा तयार आज्ञावल्या मिळतात. त्या आधी प्रत्येक स्तंभातील सर्वांत लांब नोंद शोधतात आणि बाकीच्या नोंदींना रिकाम्या जागा जोडतात. देवनागरीत मात्र 'किती' या दोन अक्षरांसाठी संगणक चार चिन्हे साठवतो. केवळ चिन्हे मोजणाऱ्या आज्ञावलीने छापलेला मराठी नावांचा तक्ता म्हणूनच वाकडा होतो.

चौकटीच्या कागदावर विद्यार्थ्यांकडून वर्गांचे कोष्टक फरकांच्या रीतीने करून घ्यावे. मधल्या एका बेरजेत मुद्दाम १ ची चूक करून पुढचे आकडे कसे बिघडत जातात, तेही पाहू द्यावे. बॅबेजची तळमळ मग वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.