शब्दांची चोरी, अर्थाची चोरी : हजार वर्षांपूर्वीची मोजपट्टी

१/
नवी मुंबईत नेरूळ वा कामोठे येथील अभिमत विद्यापीठात पीएच.डी.चा प्रबंध सादर करायचा, तर तो आधी संगणकाच्या चाळणीतून जातो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य; ४० टक्क्यांपर्यंत सहा महिन्यांत दुरुस्ती; ६० टक्क्यांपर्यंत वर्षभर मनाई; त्यापुढे नोंदणीच रद्द.

२/
वाङ्मयचौर्याला अशा श्रेणी लावण्याची कल्पना मात्र जुनी आहे. इ.स. ९०० च्या सुमारास राजशेखराने 'काव्यमीमांसा' रचली. महाराष्ट्राशी नाते सांगणाऱ्या यायावर कुळातला हा कवी कनौजच्या प्रतिहार दरबारी होता. ग्रंथ शिकाऊ कवींसाठी. त्यातील ११ ते १३ हे अध्याय 'हरणा'ला वाहिलेले. १९१६ साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचे पहिले पुष्प म्हणून तो छापला गेला.

३/
पहिला भाग शब्दहरणाचा : पद, पाद, अर्धा श्लोक, संपूर्ण वृत्त, संपूर्ण प्रबंध. एखादे पद घेण्यात दोष नाही, असे आचार्यांचे मत. ते पद द्व्यर्थी नसावे, ही राजशेखराची पुरवणी. आजचे विनियमही सलग १४ शब्दांपर्यंतचे योगायोगाचे साम्य वगळतात.

४/
दुसरा भाग अर्थहरणाचा. अर्थ तोच, केवळ वाक्यरचना निराळी, ते 'प्रतिबिंबकल्प' : सर्वथा त्याज्य. थोड्या संस्कारांनी वेगळे भासणारे 'आलेख्यप्रख्य'. विषय भिन्न, पण साम्य दाट, ते 'तुल्यदेहितुल्य'. मूळ कल्पना एक, परंतु मांडणी सर्वस्वी नवी, ते 'परपुरप्रवेशसदृश'.

५/
याच प्रकरणात राजशेखर आपली विदुषी पत्नी अवंतिसुंदरी हिचे मत नोंदवतो. कवी कोणत्या सबबींवर उचलेगिरी करतो, त्यांची तिने यादीच दिली आहे : मूळ कवी अप्रसिद्ध, मी प्रसिद्ध, त्याची वाणी गुळवेलीसारखी कडू, माझी द्राक्षासारखी गोड!

६/
संगणक प्रामुख्याने शब्दांच्या साखळ्या जुळवतो. म्हणजे शब्दहरण पकडतो. शब्द फिरवून केलेले 'प्रतिबिंब' त्याच्या हातून सहज निसटते. उलट, प्रामाणिक विद्यार्थ्याची रूढ परिभाषाही आकडा फुगवू शकते. राजशेखराने ज्याला सर्वांत हीन ठरवले, तेच यंत्राला सर्वांत अवघड जाते.

७/
म्हणूनच विनियमांनी शिक्षेचा निर्णय यंत्रावर न सोपवता शैक्षणिक सचोटी समित्यांकडे ठेवला आहे. आकडा हा केवळ संशय, निवाडा वाचणाऱ्याचा. एखाद्याची अनेक वर्षांची मेहनत पणाला लागलेली असताना प्रबंध खरोखर वाचला जाणे, हाच न्यायाचा पाया.