कंडरा आणि अस्थिबंध

स्नायूला हाडाशी जोडणारी पांढरी, चिवट दोरी म्हणजे कंडरा. हाडाला हाडाशी बांधून ठेवणारा पट्टा म्हणजे अस्थिबंध. डॉक्टर पहिलीला टेंडन म्हणतात, दुसऱ्याला लिगामेंट. शालेय पाठ्यपुस्तकांत कंडरेसाठी ‘स्नायुरज्जू’ असा शब्द आहे. दोन्ही एकाच जातीच्या तंतुमय ऊतींच्या, दोन्ही सांध्याच्या आसपास, आणि उघड्या डोळ्यांना दिसायलाही सारख्याच. कामे मात्र निराळी. कंडरा हालचाल घडवते, अस्थिबंध नको ती हालचाल अडवतो.

रोजच्या बोलण्यात या दोघांना वेगळी नावे सहसा मिळत नाहीत. पाय मुरगळला, मान अवघडली किंवा पोटरीत पेटका आला, तरी ‘शीर ताणली’, ‘शिरेवर शीर चढली’ एवढ्यावर काम भागते. शीर म्हणजे खरे तर रक्तवाहिनी. तिचा या दुखण्यांशी काही संबंध नसतो.

कंडरा पाहायला शवविच्छेदनाच्या टेबलापर्यंत जावे लागत नाही. तळहात टेबलावर टेकवून बोटे एकेक करून उचलली, की हाताच्या पाठीवर मनगटापासून बोटांच्या मुळांपर्यंत दोऱ्या ताठ होताना दिसतात. बोटांत हालचालीचा एकही स्नायू नसतो. काही छोटे स्नायू तळहातात असतात, पण मुख्य जोर कोपराखालच्या हातातल्या स्नायूंचा. तो लांब कंडरांवाटे बोटांच्या टोकापर्यंत पोचतो, विहिरीवरच्या रहाटाचा जोर दोरावाटे पोहऱ्यापर्यंत पोचावा तसा. आता मधले बोट आत दुमडून तळहात पुन्हा टेकवावा आणि अनामिका उचलून पाहावी. ती जवळजवळ जागची हलत नाही. हाताच्या पाठीवर या कंडरा एकमेकींना आडव्या पट्ट्यांनी जोडलेल्या असतात. शेजारीण अडकली की अनामिकाही अडकते.

मनगट उलटे करून अंगठा करंगळीला लावला आणि मनगट किंचित वाकवले, तर मधोमध एक बारीक कंडरा वर उचललेली दिसते. सगळ्यांनाच दिसते असे नाही. पामेरिस लाँगस नावाचा हा स्नायू साधारण १५ टक्के लोकांच्या एका किंवा दोन्ही हातांत नसतोच, आणि त्यांच्या पकडीत काही उणे राहत नाही. म्हणूनच शरीरात दुसरीकडे कंडरा किंवा अस्थिबंध जोडायचा असेल, तर शस्त्रवैद्य बिनदिक्कत ही दोरी काढून वापरतात.

त्याच जागी, तळहाताच्या मुळाशी, एक आडवा जाड अस्थिबंध आहे. मनगटाच्या एका कडेच्या हाडांपासून दुसऱ्या कडेच्या हाडांपर्यंत तो पसरलेला असतो आणि त्याच्याखाली एक अरुंद बोगदा तयार होतो. त्या बोगद्यातून बोटे वाकवणाऱ्या नऊ कंडरा जातात आणि त्यांच्यासोबत एक चेता, म्हणजे नर्व्ह. कंडरांभोवती सूज आली, तर अस्थिबंध ताणून जागा देत नाही. दाब चेतेवर येतो आणि अंगठा, तर्जनी, मधले बोट यांना मुंग्या येऊ लागतात. कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात तो हाच विकार. चेता, कंडरा आणि अस्थिबंध या तिघांची गाठ जिथे पडते, अशी याहून सोयीची जागा शरीरात सापडणे कठीण.

या तिघांची गल्लत भाषेतही जुनीच आहे, आणि तिच्या केंद्रस्थानी ‘स्नायू’ हा शब्द आहे. मराठीत स्नायू म्हणजे मसल. बंगालीत तोच शब्द नर्व्हसाठी वापरतात. सुश्रुतसंहितेत यातला कुठलाच अर्थ नाही. तिच्या शारीरस्थानाच्या पाचव्या अध्यायात शरीरातले स्नायू ९०० सांगितले आहेत: ६०० हातापायांत, २३० धडात, ७० मानेत आणि त्यावर. त्यांचे काम बांधण्याचे. फळ्या दोरांनी घट्ट आवळल्या की नाव पाण्यात माणसांचा भार पेलते, तसे स्नायूंनी बांधलेले शरीर भार पेलते, अशी उपमा तिथे दिली आहे. हाडे, पेशी, शिरा किंवा सांधे दुखावल्याने जेवढी हानी होते त्याहून जास्त स्नायू दुखावल्याने होते, असेही संहिता बजावते. म्हणजे सुश्रुताचा स्नायू आजच्या अस्थिबंधाच्या जवळचा. कंडरा १६ सांगितल्या आहेत, आणि त्या स्नायूंचाच गोल आकाराचा प्रकार म्हणून. दोन्हींत नाते आहे पण भेदही आहे, हे तिथे ओळखलेले दिसते.

मराठी वाचकाची खरी पंचाईत होते ती ‘पेशी’ शब्दाशी. संहितेतल्या ५०० पेशी म्हणजे आजचे मसल. मराठीत पेशी म्हणजे सेल. हिंदीत मसलला मांसपेशी म्हणतात, सेलला कोशिका. आयुर्वेदाचा ग्रंथ किंवा हिंदी वैद्यकीय मजकूर मराठीत आणताना स्नायू आणि पेशी हे शब्द जसेच्या तसे उचलले, तर वाक्य शुद्ध राहते आणि अर्थ पार बदलतो.

हा गोंधळ भारतापुरता नाही. ग्रीक भाषेत ‘न्यूरॉन’ या शब्दाचा मूळ अर्थ कंडरा, धनुष्याची दोरी असाच होता. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात हेरोफिलस आणि इरॅसिस्ट्रेटस या वैद्यांनी माणसाच्या देहाचे विच्छेदन केले, आणि संवेदना व हालचाल वाहणाऱ्या चेता तिथे वेगळ्या ओळखल्या गेल्या. जुन्या अर्थाची खूण आजही उरली आहे: पसरट, पडद्यासारख्या कंडरेला शरीररचनाशास्त्र ‘ॲपोन्यूरोसिस’ म्हणते, आणि तिचा चेतांशी काहीही संबंध नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही ऊती मुख्यतः कोलॅजन या प्रथिनाच्या बनलेल्या दिसतात. बोकडाचे पाय तासन् तास शिजवून केलेला पाया चिकट होतो तो याच कोलॅजनचे जिलेटिन झाल्यामुळे. कंडरेतले तंतू एकाच दिशेने, समांतर मांडलेले असतात, कारण तिच्यावर ओढ एकाच दिशेने येते. अस्थिबंधाला वेगवेगळ्या कोनांतून येणारे ताण सोसायचे असल्याने त्याचे तंतू अधिक गुंतलेले असतात आणि त्यात इलॅस्टिन हे लवचीक प्रथिन तुलनेने जास्त असते. पाठीच्या मणक्यांच्या कमानींना जोडणारा अस्थिबंध तर इलॅस्टिनमुळे पिवळा दिसतो. त्याचे लॅटिन नावच ‘पिवळा बंध’ असे आहे. दोन्हींचा रक्तपुरवठा तुटपुंजा. हाड बऱ्याचदा दीड-दोन महिन्यांत सांधते, पण फाटलेली कंडरा पूर्ववत कामाला लागायला कित्येक महिने घेते.

दुखापतीत दोन्हींच्या कामांतला फरक सर्वांत ठळक होतो. टाचेच्या वर, पोटरीच्या खाली हाताला लागणारी जाड दोरी ही शरीरातली सर्वांत दणकट कंडरा. इंग्रजीत ती अकिलीस या ग्रीक वीराच्या नावाने ओळखली जाते. मराठीत तिला धोंडशीर असा अस्सल शब्द आहे, नावात ‘शीर’ असली तरी. बायबलच्या मराठी भाषांतरात यहोशवाच्या पुस्तकात शत्रूच्या घोड्यांना निकामी करण्यासाठी त्यांच्या धोंडशिरा तोडल्याचा उल्लेख येतो. माणसाची धोंडशीर तुटते तेव्हा मागून कोणीतरी लाथ मारल्यासारखे वाटते, कित्येकदा ‘फट्’ असा आवाजही ऐकू येतो. डॉक्टर रुग्णाला पालथे झोपवून पोटरी दाबतात. धोंडशीर शाबूत असेल तर पाऊल खाली वळते. तुटली असेल तर स्नायू दाबला जाऊनही पाऊल ढिम्म राहते. सांधा जागेवर असतो, ओढ पोचत नाही.

अस्थिबंध फाटला की उलटे घडते. ओढ पोचते, पण सांधा जागेवर राहत नाही. पाऊल आत वळून पाय मुरगळतो तेव्हा घोट्याच्या बाहेरच्या बाजूचा अस्थिबंध ताणला किंवा फाटला जातो. गुडघ्यातला पुढचा क्रूसबंध, म्हणजे अँटिरियर क्रुशिएट लिगामेंट, गेलेला कबड्डीपटू पाय उचलू शकतो, चालूही शकतो, पण झटकन वळायला गेला की गुडघा ‘सटकतो’.

सचिन तेंडुलकरला २००४ मध्ये झालेला टेनिस एल्बो हा कंडरेचा विकार होता. मनगट मागे उचलणाऱ्या स्नायूंची कंडरा कोपराच्या बाहेरच्या हाडाला जिथे चिकटते, तिथे ती झिजते. २००५ मध्ये त्याच्या डाव्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली. नाव टेनिसचे असले, तरी सुतारकाम करणाऱ्यांना किंवा रोज बादलीभर कपडे पिळणाऱ्यांनाही तो गाठतो.

नियम म्हटला की अपवाद आले. डोळा फिरवणाऱ्या स्नायूंच्या कंडरा हाडाला नव्हे तर डोळ्याच्या पांढऱ्या आवरणाला जोडलेल्या असतात. यकृत आणि गर्भाशय यांच्या ‘लिगामेंट’ म्हणवल्या जाणाऱ्या घड्या हाडांना जोडतच नाहीत. तिथे अस्थिबंध हा मराठी शब्द सरळ चुकीचा ठरतो, नुसते ‘बंध’ म्हणावे.

सर्वांत नमुनेदार वाद गुडघ्याच्या वाटीखाली आहे. वाटीपासून नडगीच्या हाडापर्यंत जाणारा पट्टा दोन हाडांना जोडतो, म्हणून आंतरराष्ट्रीय परिभाषेत तो लिगामेंट ठरला आहे. पण गुडघ्याची वाटी हे मुळात मांडीच्या पुढच्या स्नायूच्या कंडरेत तयार होणारे हाड. मूल जन्मते तेव्हा ती कूर्चेची, म्हणजे कार्टिलेजची, असते. साधारण तीन ते सहा वर्षांच्या दरम्यान तिचे हाड होऊ लागते. वाटी मध्ये आली म्हणून खालच्या अर्ध्या दोरीचे नाव बदलले, एवढेच. डॉक्टर त्या पट्ट्यावर रबरी हातोडी मारतात तेव्हा मांडीचा स्नायू ताणला जातो आणि पाय झटकन पुढे येतो. काम पाहिले तर ती कंडराच आहे, आणि अनेक शस्त्रवैद्य तिला तसेच म्हणतात.

मराठी लेखनात स्नायुरज्जूपेक्षा कंडरा हा शब्द अधिक बरा. तो छोटा आहे, जुना आहे, आणि अनेक अर्थांचे ओझे वाहणारा ‘स्नायू’ त्यात नाही.

कधी कधी तर कंडरेलाच अस्थिबंधाचे काम करावे लागते. गुडघ्यातला पुढचा क्रूसबंध जेमतेम ३ ते ४ सेंटिमीटर लांब असतो. तो पूर्ण तुटला की सहसा आपोआप सांधत नाही, कारण सांध्यातल्या द्रवात तुटलेल्या टोकांवर रक्ताची गुठळी टिकत नाही. त्याच गुडघ्याच्या आतल्या कडेचा अस्थिबंध मात्र बहुधा शस्त्रक्रियेशिवाय भरून येतो. क्रूसबंध नव्याने करायचा तर रुग्णाच्याच मांडीमागची किंवा वाटीखालची कंडरा काढून हाडांत पाडलेल्या छिद्रांतून ओवतात. सुरुवातीला तिच्यातल्या बऱ्याच पेशी मरतात. मग नव्या पेशी आत शिरतात, रक्तवाहिन्या येतात आणि तंतूंची मांडणी पालटू लागते. सशांवरच्या प्रयोगांत हा पालट दिसला आणि १९८६ मध्ये त्याला ‘लिगामेंटायझेशन’ असे नाव मिळाले. माणसाच्या गुडघ्यात त्याला वर्षभर किंवा त्याहूनही जास्त वेळ लागतो, आणि पुरा झाल्यावरही ती ऊती मूळ अस्थिबंधाशी तंतोतंत जुळत नाही.